आधी काम ठरवा, मग कोर्स

"आयटीत जायचंय, कोणता कोर्स करू?" या प्रश्नाला एका ओळीत उत्तर मिळालं तर त्यावर विसंबू नका. आयटी हे एक काम नाही. कंपनीतल्या लोकांचे लॅपटॉप, पासवर्ड आणि प्रिंटर सांभाळणारा हेल्पडेस्कवाला आयटीतलाच. राउटर आणि स्विच कॉन्फिगर करणारी नेटवर्क इंजिनिअर, बंद पडलेला सर्व्हर मध्यरात्री उठवणारा लिनक्स अ‍ॅडमिन, अ‍ॅपचा कोड लिहिणारी डेव्हलपर, तो कोड तपासणारा टेस्टर आणि विक्रीच्या आकड्यांतून अहवाल काढणारी डेटा अ‍ॅनालिस्ट, हे सगळे आयटीतलेच. पण यांचा दिवस एकमेकांसारखा अजिबात जात नाही, आणि एकाला लागणारा अभ्यास दुसऱ्याला निम्माही उपयोगी पडत नाही.

म्हणून कोर्सच्या जाहिराती नंतर बघा, आधी नोकरीच्या बघा. तुम्हाला आवडेलसं वाटणारं एक पद निवडा आणि त्या पदाच्या, शून्य ते दोन वर्षं अनुभव मागणाऱ्या वीस जाहिराती उघडा. एका शीटमध्ये प्रत्येक जाहिरातीसमोर मागितलेली कौशल्यं लिहा आणि कोणतं किती वेळा आलं ते मोजा. वीसपैकी दहा किंवा जास्त ठिकाणी आलेलं ते तुमचं मूळ. पाच ते नऊ वेळा आलेलं नंतर. एकदोनदा दिसलेलं सध्या सोडून द्या, त्याचं नाव कितीही गाजत असो. या कामाला एक दुपार लागते आणि ती पुढचे कित्येक महिने वाचवते. डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं असलेली मंडळी थेट मशीन लर्निंगच्या कोर्सला बसतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न एसक्यूएलमधल्या (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेतल्या) जॉइनवर, म्हणजे दोन तक्ते जोडण्यावर येतो. तक्ता आधी केला असता तर एसक्यूएल आणि एक्सेल सगळ्यात वर दिसलं असतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. काही विषय दुसऱ्या विषयांच्या पोटात असतात. क्लाउडचंच, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरचंच घ्या. क्लाउडवर सर्व्हर चालू केला, पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. कारणं चार-पाचच असतात: सर्व्हरला पब्लिक आयपी मिळालेला नाही, सबनेटच्या (नेटवर्कच्या एका तुकड्याच्या) रूट टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, इंटरनेट गेटवेकडे जाणारी वाट नाही, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या बाजूच्या फायरवॉलमध्ये) वेबसाठीचं ८० किंवा ४४३ पोर्ट उघडं नाही, सर्व्हरच्या आतलं फायरवॉल अडवतंय, किंवा वेब सर्व्हर मुळात चालूच नाही. ज्याला नेटवर्किंग येतं तो ही यादी ओळीनं तपासून दहा मिनिटांत मोकळा होतो. ज्याला येत नाही तो व्हिडिओ परत पहिल्यापासून लावतो, कारण त्याला पायऱ्या पाठ आहेत आणि त्यांमागचं कारण माहीत नाही. क्लाउड, सायबर सिक्युरिटी आणि डेव्हऑप्स (कोड तयार झाल्यापासून सर्व्हरवर चालेपर्यंतचं काम) या तिन्हींच्या आधी नेटवर्किंगची ओळख, लिनक्सची कमांड लाइन आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एवढं झालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. "कोणत्याही पूर्वतयारीशिवाय" असं म्हणून सायबर सिक्युरिटी शिकवणारा कोर्स पहिले कित्येक तास याच गोष्टींवर घालवतो किंवा त्या गाळून टाकतो. गाळल्या तर नुकसान मोठं.

आता अभ्यासक्रमाची पानं. जाहिरातीचं पहिलं पान सोडून द्या, सविस्तर अभ्यासक्रम मागून घ्या. तो द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबलेलं बरं. हातात आला की एक भागाकार करा: एकूण तास भागिले तंत्रज्ञानांची संख्या. साठ तासांत वीस तंत्रज्ञानं म्हणजे प्रत्येकाला तीन तास. तीन तासांत डॉकरची (अ‍ॅप कंटेनरमध्ये बांधून चालवायच्या साधनाची) ओळख होते, डॉकर येत नाही. त्याउलट साठ तासांत पायथन, एसक्यूएल आणि गिट एवढंच असेल तर तो कोर्स प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही. तासांपैकी किती तास तुमचे हात कीबोर्डवर असणार, हेही विचारा. निम्म्याहून कमी असेल तर ते व्याख्यान झालं, प्रशिक्षण नव्हे.

मग आवृत्त्या तपासा. कोर्स शेवटचा कधी सुधारला, हे सांगणाऱ्या खुणा अभ्यासक्रमातच असतात. पायथन २ चा अधिकृत आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, १ जानेवारी २०२० ला संपला. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे अजून त्याच्यावरच लिनक्स शिकवणाऱ्या कोर्सनं निदान रॉकी किंवा अल्मा लिनक्सकडे तरी वळायला हवं होतं. रिअ‍ॅक्टचा (वेबची पानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा) प्रोजेक्ट 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' वापरून सुरू करायला सांगितला जात असेल, तर ते साधन २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढलं गेलंय हे लक्षात घ्या. सर्टिफिकेटच्या तयारीचा कोर्स असेल तर परीक्षेचा कोड जुळतो का ते बघा. कॉम्प्टिया या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सिक्युरिटी प्लसची एसवाय०-७०१ ही परीक्षा नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, त्यामुळे आधीच्या ६०१ चे व्हिडिओ आता परीक्षेसाठी घेऊ नयेत. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेचा कोड २०२० पासून २००-३०१ हाच आहे, पण २०२४ मध्ये त्याची १.१ आवृत्ती लागू झाली. इथं कोड तोच आणि विषय थोडे बदललेले, म्हणून सिस्कोच्या साइटवरची विषयसूची शेजारी ठेवून ताडून बघावं लागतं.

डेमो लेक्चर मिळत असेल तर जरूर बसा, आणि स्लाइड किती सुंदर आहेत ते बघू नका. शिकवणारी व्यक्ती समोर टाइप करते का? एरर आली तर ती मोठ्यानं वाचते, कोणत्या ओळीत आहे ते शोधते, की पटकन तयार फाइल उघडते? एरर वाचणं हे आयटीतलं रोजचं काम आहे. ते समोर होताना पाहायला मिळणं हे शिक्षकाकडून मिळणारं सगळ्यात मोलाचं शिक्षण, आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंतून तेच कापून टाकलेलं असतं.

प्रवेश घेण्याआधी आणखी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. माझा कोड कोण तपासणार आणि किती दिवसांत? शंका विचारल्यावर उत्तर साधारण कधी मिळतं? लॅब फक्त वर्गाच्या वेळेत की नंतरही? रेकॉर्डिंग किती महिने मिळेल? पैसे परत मिळण्याची मुदत किती? प्रोजेक्ट सगळ्यांना एकच असतो का? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यावर बरंच अवलंबून आहे. एकाच बॅचच्या सगळ्यांच्या गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) तेच शॉपिंगचं अ‍ॅप, त्याच नावांच्या फाइली आणि तेच कमिट (बदलांच्या नोंदी) असतील तर मुलाखत घेणाऱ्याला ते लगेच कळतं. नोकरीच्या हमीबद्दल बोलणं झालं असेल तर करारातले शब्द वाचा. "हमी" आणि "मदत" यांत फरक आहे, आणि हमी असलीच तर तिच्या अटी, म्हणजे किती टक्के हजेरी, कोणत्या शहरात जायची तयारी, किती मुलाखती म्हणजे हमी पूर्ण झाली, हे सगळं बारीक अक्षरांत असतं.

सर्टिफिकेटबद्दल खूप गोंधळ दिसतो, म्हणून थोडं सविस्तर. कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही व्हिडिओ पाहिलेत किंवा वर्गाला हजर होतात एवढाच पुरावा. उत्पादक कंपनी किंवा स्वतंत्र संस्था देखरेखीखाली परीक्षा घेऊन देते ते सर्टिफिकेशन वेगळं. त्यातही परीक्षेचा प्रकार बघून अभ्यासाची पद्धत ठरते. कॉम्प्टिया ए प्लससाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात, प्रत्येकीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटला १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला १००० पैकी ७२० गुण लागतात. त्या ६५ मधले १५ गुणांत धरले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे एखादा विचित्र प्रश्न आला म्हणून घाबरून जाऊ नये. रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा मात्र पूर्णपणे प्रात्यक्षिक आहे. समोर मशीन, कामांची यादी, आणि ३०० पैकी २१० गुण हवेत. तिथं केलेली प्रत्येक गोष्ट मशीन रीबूट झाल्यावरही टिकली पाहिजे. कुबरनेटीसची (अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीची) सीकेए हीसुद्धा दोन तास टर्मिनलवर बसून द्यायची परीक्षा आहे. पर्यायांचे प्रश्न सोडवून या दोन परीक्षांची तयारी होत नाही.

मुदतही बघून ठेवा. कॉम्प्टियाची ए प्लस आणि सिक्युरिटी प्लस, सिस्को, एडब्ल्यूएस आणि रेड हॅटची सर्टिफिकेशन तीन वर्षं चालतात, सीकेए दोन वर्षं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एका वर्षात संपतात, पण ऑनलाइन चाचणी देऊन विनामूल्य वाढवता येतात. त्यांच्याच अ‍ॅझ्युर क्लाउडच्या एझेड-९०० सारख्या पायाभूत परीक्षेचं सर्टिफिकेशन संपत नाही. म्हणून नोकरी शोधायला सुरुवात करण्याच्या खूप आधी परीक्षा देऊन ठेवू नये. आणि हे सगळं नेटवर्क, सिस्टीम, क्लाउड, सिक्युरिटी या कामांना लागू. प्रोग्रामिंगच्या नोकरीत तुम्ही लिहिलेला, चालणारा आणि तुम्हाला समजावून सांगता येणारा कोड जास्त बोलतो.

वर्गात बसून, थेट ऑनलाइन की रेकॉर्डेड, यावर फार वेळ घालवू नका. स्वतःहून वेळापत्रक पाळता येत असेल तर रेकॉर्डेड व्हिडिओ आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन यांवर खूप लांब जाता येतं. येत नसेल तर ठरलेल्या वेळेला कोणीतरी वाट पाहतंय ही गोष्टच फी वसूल करून देते.

आता अभ्यासाची पद्धत, आणि माझ्या मते कोर्सच्या निवडीपेक्षा हिचं वजन जास्त. साधारण कोर्सही नीट अभ्यासला तर काम देतो, उत्तम कोर्स नुसता पाहिला तर काही हाती लागत नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मोजून दाखवला आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी बरी हेही दाखवलं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात तर फारच उपयोगी गोष्ट दिसली: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं तेच पुढे होते. व्हिडिओ पाहताना "समजलं" असं वाटतं ती याच पहिल्या पाच मिनिटांची भावना. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा अभ्यासपद्धती तपासल्या, त्यांत स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास विभागून करणं या दोन वर आल्या. हायलाइट करणं आणि पुन्हा वाचणं तळाशी राहिलं.

आयटीत याचं रूप असं होतं. दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ बघा, बंद करा. कोरी फाइल किंवा नवं मशीन उघडा आणि तेच न बघता करा. अडलात तर वीस मिनिटं स्वतः झगडा, एरर वाचा, डॉक्युमेंटेशन चाळा. तरीही नाही जमलं तर व्हिडिओतली फक्त तेवढी ओळ बघा आणि परत बंद करा. झालं की सगळं पुसून टाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्यावरून करा, या वेळी एखादी अट बदलून. तीन-चार दिवसांनी आणखी एकदा. शेजारी व्हिडिओ चालू ठेवून त्याच्याबरोबर टाइप करत जाण्यात वेळ छान जातो, पण तो टायपिंगचा सराव असतो.

नेटवर्किंगमधलं एक उदाहरण. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कोणत्या सबनेटमधला? /२६ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २६ नेटवर्कचे; ३२ मधून २६ गेले, सहा बिट उरले, म्हणजे ६४ पत्त्यांचे गट: ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू होणारे. ७७ दुसऱ्या गटात, नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, वापरायला ६५ ते १२६ असे ६२ पत्ते. हे कागदावर झालं की पॅकेट ट्रेसर (सिस्कोचं नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) उघडा, एका स्विचला दोन संगणक जोडा, एकाला शेवटचा आकडा ६० आणि दुसऱ्याला ७० द्या, दोन्हींना /२६. पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का हे बघणारी कमांड) जाणार नाही, कारण ६० पहिल्या गटात आहे आणि ७० दुसऱ्यात, मध्ये राउटर नाही. दोन्हींना /२४ केलं की पिंग जातं. मग फक्त ६० लाच /२४ ठेवा आणि ७० ला परत /२६ करा. आता ६० ला वाटतं की समोरचा आपल्याच नेटवर्कमध्ये आहे, पण ७० उत्तर पाठवायला गेटवे शोधतो, आणि तो दिलेलाच नाही. कामावर येणारी कितीतरी "कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार याच घराण्यातली असते. सबनेटिंगची अशी पाच गणितं रोज, दोन आठवडे. तेवढ्यात हात बसतो.

लिनक्समध्ये मुद्दाम मोडून दुरुस्त करण्याइतका चांगला अभ्यास नाही. नवी डिस्क जोडून एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) तिची ओळ लिहायची आहे असं धरा. डिस्कचं एसडीबीसारखं नाव लिहिलं तर पुढच्या बूटला ते बदलू शकतं, म्हणून बीएलकेआयडी कमांडनं यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) काढून तोच लिहितात. ओळ लिहिल्यावर रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' चालवायचं, म्हणजे यादीतल्या सगळ्या डिस्क लगेच जोडून बघितल्या जातात. यूयूआयडीत एक अक्षर चुकलं असेल तर एरर तिथंच दिसते. ते न करता रीबूट केलं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. हे एकदा मुद्दाम करा: चुकीचा यूयूआयडी लिहा, रीबूट करा, रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड देऊन आत जा, गरज पडल्यास फाइलसिस्टीम लिहिण्याजोगी पुन्हा माउंट करा, ओळ सुधारा, परत रीबूट करा. तसंच सर्व्हिस नुसती स्टार्ट करून रीबूट करा आणि ती बंद आढळली की एनेबल (बूट होताना आपोआप सुरू) करणं का लागतं ते कायमचं लक्षात राहील. प्रात्यक्षिक परीक्षांत गुण जातात ते इथंच.

यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. ८ जीबी रॅमवर एक-दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे नकली संगणक) चालतात, १६ जीबी असेल तर तीन-चार आरामात. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर वाट बघणं वाचतं. ती चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४ बिटचा पर्याय दिसत नसेल किंवा मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते आधी बघा. इंटेलवर त्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम किंवा एएमडी-व्ही असतं. प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट (मशीनची परत जाता येईल अशी जतन केलेली स्थिती) घ्या, म्हणजे मोडायला भीती वाटत नाही. क्लाउडवर सराव करणार असाल तर खातं उघडल्यावर पहिलं काम बजेट अलर्ट लावणं, आणि रूट खात्याला दुहेरी पडताळणी. सर्व्हर थांबवला म्हणजे बिल थांबलं असं नसतं: त्याला जोडलेली डिस्क, राखून ठेवलेला आयपी आणि नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर नेणारा दुवा) यांचं शुल्क चालूच राहतं. दिवसाचा सराव संपला की जे तयार केलं ते डिलीट करा. दुसऱ्या दिवशी परत बांधणं हाच सराव.

पाठांतर अगदीच लागत नाही असं नाही. पोर्ट क्रमांक (डीएनएस ५३, एसएसएच २२, आरडीपी ३३८९), परवानग्यांचे आकडे, जॉइनचे प्रकार, प्रोटोकॉलची नावं यांसाठी अ‍ॅन्की (उजळणीची कार्डं दाखवणारं अ‍ॅप) किंवा साधी कागदी कार्डं वापरा. एका कार्डावर एकच प्रश्न. लांबलचक कमांड कार्डावर उतरवू नका, ती हातानं चालवूनच बसते.

वेळेचा हिशोब आधीच करा. साठ तासांच्या कोर्सला सराव आणि उजळणी धरून साधारण दीडशे तास धरावेत. पाच दिवस दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी अडीच, असे आठवड्याला दहा तास मिळत असतील तर पंधरा आठवडे. "एका महिन्यात संपवतो" म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ संपतात. आठवड्यातल्या त्या अडीच तासांत नवीन काही बघू नका. मागच्या आठवड्याचं एक काम कोऱ्यापासून करा आणि गिटहबवर टाका, सोबत रीडमी फाइलमध्ये काय केलं, काय अडलं आणि कसं सुटलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मुलाखतीत हीच टिपणं उपयोगी पडतात.

एआय सहायकाला कोड लिहायला सांगितलं की तो देतो, आणि तुमची झगडायची वीस मिनिटं जातात. शिकण्याच्या काळात त्याला इशारा मागा, एररचा अर्थ विचारा, तुमच्या कोडमध्ये कुठं फुटेल ते विचारा. त्यानं सांगितलेली कमांड किंवा पर्याय डॉक्युमेंटेशनमध्ये आहे का ते तपासा, कारण कधी कधी नसलेले पर्यायही तो आत्मविश्वासानं सांगतो.

सराव परीक्षा कोर्सचा साठ-सत्तर टक्के भाग झाल्यावर सुरू करा. गुणांपेक्षा चुका मोलाच्या. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: माहीतच नव्हतं, दोन गोष्टींत गफलत झाली, की प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्यासाठी पुन्हा शिकणं, दुसऱ्यासाठी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून लॅबमध्ये करून बघणं, तिसऱ्यासाठी प्रश्नातला "सगळ्यात कमी खर्चात" किंवा "सगळ्यात आधी" असा शब्द शोधायची सवय. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, आधी न पाहिलेल्या चाचण्यांत ८० ते ८५ टक्के मिळाले की तारीख घ्या. तीच चाचणी तिसऱ्यांदा देऊन मिळालेले ९५ टक्के धरू नका. खऱ्या परीक्षेतून चोरलेले प्रश्न विकणारे 'डम्प' लांब ठेवा. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य केलेला असतो, ते वापरल्याचं आढळलं तर सर्टिफिकेशन रद्द होतं, आणि त्यांतली उत्तरं बऱ्याचदा चुकीचीही असतात.

कोर्स सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा थांबून तपासा. व्हिडिओ न लावता काही एक गोष्ट कोऱ्यापासून उभी करता येते का? तुम्ही दिलेलं काम कोणी वाचून परत पाठवलंय का? वीस जाहिरातींच्या तक्त्यातल्या वरच्या पाचपैकी निदान एका कौशल्याला हात लागलाय का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर आधी अभ्यासाची पद्धत बदला, कोर्स तोच ठेवा. दुसऱ्या दोन्हींचं नाही असेल तर पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत लेखी अर्ज करून बाहेर पडा आणि पुढच्या कोर्सचा अभ्यासक्रम मागवा.